नव्या पिलाचा विमानप्रवास व मळ्यातील आगमन

निफाड तालुक्यात मळ्यातील वस्तीवर कुत्रे नाही असे घर विरळाच आढळेल. द्राक्षबागेची राखण, कांद्याच्या चाळीवरील पहारा, रात्री गोठ्याभोवती फिरणाऱ्या जनावराची चाहूल, ही सर्व कामे कुत्रा बिनबोभाट करतो. पूर्वी पिलू शेजारच्या वस्तीवरून टोपलीत घालून आणले जाई. आईचे दूध सुटले की ते नव्या घरी येई आणि आठ दिवसांत रुळत असे. आता राखणीसाठी वा हौसेने दूरच्या जातीची पिले मागविण्याची पद्धत पडली आहे. दिल्ली, बंगळूर, हैदराबाद अशा ठिकाणी पिलू खरेदी करावयाचे आणि विमानाने मुंबईस किंवा ओझर येथे उतरवून घरी आणावयाचे, असे व्यवहार खेड्यांपर्यंत पोहोचले आहेत.

विमान ही निफाडकरांना परकी वस्तू नव्हे. ओझर हे याच तालुक्यातील गाव असून तेथे १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. त्याच धावपट्टीवरून आज प्रवासी विमानांची ये-जा होते. तेथील मालवाहतूक केंद्रातून द्राक्षांप्रमाणेच शेळ्यामेंढ्याही विमानाने आखाती देशांत गेल्या आहेत. जनावर विमानातून नेता येते की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. दोन-अडीच महिन्यांचे पिलू त्या प्रवासातून धडधाकट उतरावे आणि नंतरच्या पंधरवड्यात दगावू नये, यासाठी काय करावे लागते हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. ग्रामसेवकांनी व पशुपालकांनी हा विषय नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रवास दोन तासांचा, कसोटी बारा तासांची

दिल्लीहून मुंबईस विमान सव्वादोन तासांच्या आसपास पोहोचते. त्यामुळे पिलाचा प्रवास तेवढाच, असा समज होतो. प्रत्यक्षात विक्रेत्याच्या घरापासून दिल्लीच्या विमानतळापर्यंत दीड तास, जिवंत प्राण्याची नोंद करावयाची म्हणून उड्डाणापूर्वी सुमारे तीन तास, नंतर विमानातील वेळ, उतरल्यावर पिंजरा हाती येईपर्यंत पाऊण ते एक तास, आणि मुंबईहून कसारा घाट चढून निफाडपर्यंतचे सुमारे दोनशे किलोमीटर, असा हिशेब मांडला म्हणजे बारा तास सहज होतात. विमानास उशीर झाल्यास तेही अपुरे पडतात. ओझर येथे उतरल्यास अखेरचा टप्पा वीस-पंचवीस किलोमीटरांवर येतो, हा मोठाच लाभ होय. मात्र ओझरहून कोणत्या शहरांस विमाने जातात हे ऋतूगणिक बदलते. शिवाय लहान विमानांच्या सामानकक्षात प्राणी घेतलेच जातील असे नाही. म्हणून आधी चौकशी करून मगच बेत ठरवावा.

पिलाला धोका आकाशात कमी आणि जमिनीवर अधिक असतो. विमानाच्या ज्या सामानकक्षात जनावर ठेवले जाते त्यात हवेचा दाब प्रवासी कक्षाप्रमाणेच राखलेला असतो, आणि जनावर चढविले असल्याची लेखी सूचना वैमानिकास दिली जाते. उलट, उड्डाणापूर्वी पिंजरा तापलेल्या फरशीवर उभा राहतो किंवा हातगाडीवर उन्हात थांबतो, तेव्हा त्याच्याकडे लक्ष देण्यास कोणी नसते. कुत्र्यास माणसाप्रमाणे अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवाटे ओलावा उडवूनच तो अंगातील उष्णता बाहेर टाकतो. पिंजऱ्यात हवा कोंडली तर धापांचाही उपयोग होत नाही. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत पिलू आणावयाचेच असेल तर रात्रीचे किंवा भल्या पहाटेचे विमान निवडावे. मध्ये विमान बदलावे लागेल असा प्रवास थोडा स्वस्त पडला तरी टाळावा, कारण बदलाच्या ठिकाणी पिंजरा दोनदा उतरतो व दोनदा चढतो.

जातीची निवड

बसक्या नाकाच्या जाती, म्हणजे पग, बुलडॉग, बॉक्सर इत्यादी, विमानप्रवासास सर्वांत नाजूक होत. त्यांची श्वासनलिका अरुंद व टाळू लांब असल्याने उकाड्यात त्यांचा श्वास लवकर कोंडतो. पुष्कळ विमान कंपन्या या जाती सामानकक्षात स्वीकारीतच नाहीत, आणि ते योग्यच आहे. दाट लोकरीच्या हस्की किंवा सेंट बर्नार्डसारख्या जाती प्रवासातून सुखरूप येतील. पण निफाडचा एप्रिल त्यांस सोसणारा नाही. छायाचित्रातील रुबाब पाहून अशी जात मागविणे म्हणजे पैसे देऊन जनावराचे हाल विकत घेणे होय.

राखणीसाठीच कुत्रा हवा असेल तर इतक्या दूर जाण्याचे प्रयोजन काय, हाही विचार करावा. मुधोळ हे घोरपड्यांचे जुने संस्थान. तेथील सडपातळ, चपळ कुत्रा दख्खनच्या हवेत मुरलेला आहे. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुविज्ञान विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र असून तेथे या जातीची पैदास होते. आपल्याकडे धनगर व फिरस्त्या समाजांनी सांभाळलेली कारवानी कुत्री याच कुळातील मानली जातात. असे पिलू मोटारीने रातोरात घरी येते व विमानाचा प्रश्नच उरत नाही. गावठी कुत्रीचे निरोगी पिलू तर फुकट मिळते, आणि पहाऱ्यात ते कोणास हार जात नाही.

वय व लस

आठ आठवड्यांच्या आतील पिलू विकण्यास श्वान पैदास व विक्री नियम, २०१७ अन्वये मनाई आहे. तरीही पाच-सहा आठवड्यांची पिले पाठविली जातात, आणि लहान वयात आणले म्हणजे पिलाला अधिक लळा लागतो असे कारण सांगितले जाते. हे खरे नव्हे. आई व भावंडे यांच्या सहवासात पिलू चावा किती जोराने घ्यावा हे शिकते. तो सहवास लवकर तुटल्यास कुत्रा पुढे भित्रा वा चावरा होण्याचा संभव असतो. वयाची खात्री करण्याचा एक साधा उपाय म्हणजे दात पाहणे. पिलाचे २८ दुधाचे दात साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांत पुरे येतात. मागील दाढा अद्याप दिसत नसतील तर पिलू आठ आठवड्यांचे असल्याचे विक्रेत्याचे म्हणणे मानू नये.

विमानप्रवासास दहा ते बारा आठवड्यांचे पिलू उत्तम. त्याचे कारण लशीशी निगडित आहे. जन्मल्यानंतर पहिल्या दुधातून पिलास आईची रोगप्रतिकारशक्ती मिळते. ती हळूहळू ओसरते. पण जोवर ती शिल्लक असते तोवर लशीचा परिणाम पुरता होत नाही. म्हणूनच पार्व्हो व डिस्टेंपर या रोगांची लस एकदा देऊन भागत नाही. सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे वय होईपर्यंत ती पुन्हा द्यावी लागते. दोन मात्रा झालेल्या आणि दुसरी मात्रा होऊन आठवडा लोटलेल्या पिलास प्रवासात रोग जडण्याची भीती पुष्कळ कमी होते. विक्रेत्याने लसीकरणाचे पुस्तक द्यावयास पाहिजे. त्यात लशीच्या बाटलीवरील चिठ्ठी चिकटवलेली आणि पशुवैद्याची सही व तारीख असलेली पाहून घ्यावी. जंताचे औषध कोणत्या दिवशी दिले त्याचीही नोंद असावी. पिलांना दुसऱ्या आठवड्यापासूनच जंताचे औषध द्यावे लागते, कारण जंत आईच्या पोटातूनच येतात.

व्यवहाराबाबत एक इशारा देणे आवश्यक आहे. दूरध्वनीवर पिलाचे छायाचित्र दाखवून आगाऊ रक्कम घ्यावयाची, मग विमानतळावर पिलू अडकले असून विम्याचे वा पिंजऱ्याचे आणखी पैसे भरा असा निरोप पाठवावयाचा, आणि शेवटी पिलूही नाही व विक्रेताही नाही, असे फसवणुकीचे प्रकार होतात. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदलेल्या पैदासकाकडूनच पिलू घ्यावे व नोंदणीचा दाखला मागावा. स्वतः किंवा विश्वासू नातेवाइकाने पिलू व त्याची आई प्रत्यक्ष पाहिल्यावाचून रक्कम देऊ नये. पिलू एकटे मालाने मागविण्यापेक्षा कोणीतरी सोबत जाऊन ते आणणे केव्हाही श्रेयस्कर. तिकिटाचा खर्च वाढतो खरा. परंतु उड्डाण रद्द झाल्यास पिलाला पाणी पाजण्यास आपले माणूस जवळ असते.

कंपनी व कागदपत्रे

पाळीव प्राण्यांबाबत प्रत्येक विमान कंपनीचा नियम वेगळा असतो. काही कंपन्या प्राणी मुळीच घेत नाहीत. काही कंपन्या पिशवीसह ठराविक वजनापर्यंतचे लहान जनावर प्रवाशाच्या पायांशी ठेवू देतात. काही सामानकक्षात, तर काही केवळ मालवाहतुकीतून नेतात. एका विमानात किती प्राणी घ्यावयाचे यासही मर्यादा असते. म्हणून आधी तिकीट काढून मग विचारणे ही चूक होय. प्रथम कंपनीकडून पिलासाठी जागा असल्याचे लेखी उत्तर घ्यावे आणि त्यानंतरच आपले तिकीट काढावे. प्रवासी कक्षात पायांशी ठेवण्याची सोय मिळत असेल तर ती सोडू नये.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली प्राणी वाहतूक नियम, १९७८ करण्यात आले. त्यांनुसार प्रवासास निघण्यापूर्वी जनावर निरोगी व प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला आवश्यक आहे. हा दाखला प्रवासाच्या तारखेच्या अगदी नजीकचा असावा; कंपनी किती दिवसांचा दाखला ग्राह्य धरते हे विचारून घ्यावे. दाखला, लसीकरणाचे पुस्तक, खरेदीची पावती व नोंदणीची प्रत यांचे दोन संच करावेत. एक संच जवळ ठेवावा व दुसरा मेणकागदी पाकिटात घालून पिंजऱ्याच्या वरच्या बाजूस चिकटवावा.

परदेशी असलेल्या मुलाने किंवा भावाने कुत्रा आणावयाचा झाल्यास गोष्ट निराळी आहे. त्यासाठी केंद्र सरकारच्या पशु संगरोध केंद्राचा ना-हरकत दाखला लागतो, आणि असे प्राणी दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर व हैदराबाद याच विमानतळांवर उतरविता येतात. ओझर येथे ती सोय नाही.

पिंजरा

पिंजऱ्यात पिलाला ताठ उभे राहता आले पाहिजे, पूर्ण वळता आले पाहिजे आणि पाय पसरून निजता आले पाहिजे. माप घेण्याची पद्धत सोपी आहे. पिलू सपाट जमिनीवर उभे करावे. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मोजून तीत जमिनीपासून पुढील पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवावा. ही पिंजऱ्याची आतील लांबी झाली. खांद्यापाशी अंगाची जेवढी रुंदी असेल तिच्या दुप्पट रुंदी धरावी. उभ्या पिलाच्या डोक्याची किंवा कानांच्या टोकांची, यांपैकी जी अधिक असेल ती उंची घेऊन तीत अंथरुणाची जाडी मिळवावी. समजा, पिलाची लांबी ४० सेंटिमीटर, कोपराची उंची १४, खांद्याची रुंदी १३ व उभी उंची ३२ सेंटिमीटर आहे. तर पिंजरा आतून किमान ४७ सेंटिमीटर लांब, २६ रुंद आणि अंथरूण धरून सुमारे ३६ सेंटिमीटर उंच हवा. माप घेतल्यापासून प्रवासापर्यंत पंधरा दिवस जाणार असतील तर पिलाची वाढ ध्यानात घेऊन थोडी सवड ठेवावी. मात्र फार मोठा पिंजराही बरा नव्हे, कारण विमान हेलकावे घेऊ लागले की त्यात पिलू इकडून तिकडे आदळते.

पिंजरा टणक व जोड न सुटणारा असावा. द्राक्षाची खोकी किंवा भाजीचे क्रेट दोरीने बांधून काम भागविण्याचा मोह होतो. तो टाळावा; पिलू दोरी कुरतडून बाहेर येते आणि कंपनीही असे खोके स्वीकारीत नाही. वारा खेळण्यासाठी दारास जाळी असावी व उरलेल्या बाजूंनाही झरोके असावेत. झरोके इतके लहान असावेत की पिलाचे नाक वा पंजा त्यांतून बाहेर येऊन चेंगरणार नाही. तळ गळका नसावा. त्यावर वर्तमानपत्रांचे थर व त्यावर जुन्या गोधडीचा तुकडा घालावा. भुसा किंवा कोंडा घालू नये. तो नाकाडोळ्यांत जातो. दारास आतून अडकविलेली पाण्याची वाटी अशी असावी की दार न उघडता बाहेरून तीत पाणी ओतता येईल. आदल्या रात्री वाटीत पाणी गोठवून ठेवल्यास चढविताना ते सांडत नाही आणि पुढे हळूहळू वितळून पिलाला चाटता येते. ही युक्ती साधी असली तरी फार उपयोगी पडते.

पिंजऱ्यावर ठळक अक्षरांत ‘जिवंत प्राणी’ असे इंग्रजीतही लिहावे, वरची बाजू बाणांनी दाखवावी, पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव, पत्ता व दूरध्वनी द्यावा, आणि शेवटचे खाणे-पाणी किती वाजता दिले ते नोंदवावे. गळ्यातील पट्टा व साखळी काढून ठेवावी. जाळीत अडकून त्यांचा फास बसतो.

पिंजऱ्याची सवय आधीच लावावी लागते. निघण्यापूर्वी निदान आठवडाभर पिंजरा दार उघडे ठेवून पिलाच्या वावरात ठेवण्यास विक्रेत्यास सांगावे व पिलाचे खाणे त्यातच द्यावयास लावावे. आईच्या अंगाखालचे फडके निघताना आत घालावे. अंधारात व विमानाच्या घरघरीत त्या वासाने पिलू शांत राहते.

खाणे, पाणी व औषधे

रिकाम्या पोटी पाठवावे की पोटभर खाऊ घालून, याबद्दल दोन्ही टोकांच्या चुका होतात. १९७८ च्या नियमांत पिलाला निघण्यापूर्वी निदान दोन तास आधी खाणे व पाणी द्यावे, उपाशी वा तहानलेले जनावर पिंजऱ्यात घालू नये, उन्हाळ्यात दर चार तासांनी व थंडीत दर सहा तासांनी पाणी पाजावे, आणि पिलांना दर चार तासांनी खाणे द्यावे असे सांगितले आहे. मोठा कुत्रा दिवसभर उपाशी राहू शकतो. पिलाच्या अंगी तेवढा साठा नसतो. फार वेळ पोट रिकामे राहिल्यास त्याच्या रक्तातील साखर उतरते, ते थरथरू लागते, मान टाकते. अशा वेळी हिरड्यांना थोडे साखरेचे पाणी चोळावे व त्वरित पशुवैद्याकडे न्यावे. लहान चणीच्या जातींत हा धोका विशेष असतो.

निघण्यापूर्वीचे खाणे नेहमीचेच पण थोडे हलके द्यावे. नवे दूध, बिस्किटे, मिठाई देऊ नये. पिंजऱ्यात घालण्याच्या अगदी शेवटच्या क्षणापूर्वी पिलाला मोकळे फिरवून मलमूत्र करू द्यावे.

गुंगीचे औषध देऊन पिलू झोपवून पाठवावे, असा सल्ला कधीकधी विक्रेते देतात. तो मुळीच मानू नये. गुंगीत रक्तदाब उतरतो, अंगाची उष्णता सांभाळण्याची शक्ती मंदावते, ओकारी झाल्यास ती श्वासनलिकेत जाते, आणि विमान उडत असता मदतीस कोणी पोहोचू शकत नाही. पिलू थोडा वेळ केकाटले तरी त्यापासून अपाय नाही. ओकारीची खोड असल्यास त्यावरील औषध पशुवैद्याने प्रत्यक्ष तपासून दिले तरच द्यावे.

उतरल्यावर

पिंजरा हाती येताच प्रथम सावलीत न्यावा. दार उघडण्याची घाई करू नये. भेदरलेले पिलू निसटून धावपट्टीच्या दिशेने वा रस्त्यावर गेल्याचा परिणाम सांगावयास नको. मोटारीत बसून, काचा लावून मगच ते बाहेर काढावे. ओठ उचलून हिरड्या पाहाव्या. त्या गुलाबी व ओलसर असल्यास काळजी नाही. त्या गडद लाल असून लाळ चिकट, धापा अखंड व पाय लटपटत असतील तर तो उष्माघात समजावा. निरोगी पिलाचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. उष्माघातात अंगावर साधे गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि मुंबईतच दवाखाना गाठावा. “आता घरी जाऊनच पाहू” असे म्हणून घाटाचा रस्ता धरू नये.

प्रकृती ठीक असेल तर आधी थोडे थोडे पाणी, अर्ध्या तासाने मूठभर खाणे, आणि मग प्रवास. वाटेत दोन-अडीच तासांनी थांबावे. मात्र ढाब्याच्या मागे, जेथे इतर कुत्री वावरतात त्या जमिनीवर पिलू सोडू नये. पार्व्होचे विषाणू रोगी कुत्र्याच्या विष्ठेतून पडतात व मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतात. मोटारीतच वर्तमानपत्र पसरून त्यावर विधी उरकू द्यावा.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात थंडीच्या लाटेत पारा ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरल्याच्या नोंदी होतात आणि बागायतदारांना द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवाव्या लागतात. मुंबईच्या किंवा हैदराबादच्या उबेतून आलेले पिलू डिसेंबर-जानेवारीत पहाटे उघड्या पडवीत ठेवल्यास गारठून मरते. त्याला घरात, जमिनीपासून उंच, गोणपाट व गोधडी घालून निजवावे. शेकोटीपाशी मोकळे सोडू नये.

पहिला पंधरवडा

घरी आणल्यावर पिलू निदान १४ दिवस वस्तीवरील जुन्या कुत्र्यांपासून अलग ठेवावे. त्याची भांडी व अंथरूण वेगळे असावे आणि त्याचे सर्व एकाच माणसाने पाहावे. पार्व्होचा ओकारी व रक्तमिश्रित जुलाब, तसेच डिस्टेंपरचा ताप व डोळ्या-नाकांतील चिकटा याच काळात दिसू लागतो. अशी लक्षणे दिसताच वेळ न दवडता दवाखान्यात न्यावे. पार्व्होत एका रात्रीच्या उशिरानेही पिलू हातचे जाते. ज्या वस्तीवर मागील वर्षभरात पार्व्होने कुत्रे मेले असेल तेथे अपुऱ्या लशीचे पिलू आणूच नये. फरशी असल्यास ती आधी घासून धुवावी व मग एक भाग ब्लीचिंगचे द्रावण व तीस भाग पाणी या प्रमाणात दहा मिनिटे ओली ठेवावी. मातीच्या अंगणात हा उपाय लागू पडत नाही.

नवे पिलू म्हटले की वस्तीवरची मुले त्याला काही ना काही भरवू लागतात. येथे निफाडकरांनी विशेष सावध राहावयास पाहिजे, कारण या तालुक्याची दोन्ही नामांकित पिके कुत्र्यास विषारी आहेत. द्राक्षे व बेदाणे खाल्ल्याने कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होते, ही गोष्ट २००१ च्या सुमारास अमेरिकेतील पशुवैद्यांच्या ध्यानात आली. द्राक्षातील टार्टारिक आम्ल त्याचे कारण असावे असे २०२१ मध्ये मांडण्यात आले. सर्वच कुत्र्यांना सारखा अपाय होत नाही, आणि किती द्राक्षे चालतात याची सुरक्षित मात्रा ठरवता आलेली नाही. बेदाणा अधिक घातक, कारण त्यात सर्व अंश आटून एकवटलेले असतात. खाल्ल्यापासून दिवसभरात ओकाऱ्या सुरू होतात आणि दोन-तीन दिवसांत लघवी कमी होऊन बंद पडते. “आमचा जुना कुत्रा बागेतली द्राक्षे खातो, त्याला काही होत नाही” हे उत्तर हमखास मिळते. ते खरे असले तरी नव्या पिलाला त्याचा आधार नाही. पिलाने मणी खाल्ल्याचे पाहताच लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यास गाठावे.

कांद्याचे विष निराळ्या रीतीने काम करते. त्यातील गंधकयुक्त द्रव्यांनी रक्तातील तांबड्या पेशी फुटतात व जनावर पांढुरके, निस्तेज होते. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोस १५ ते ३० ग्रॅम कांदा अपायकारक ठरतो. म्हणजे चार किलोच्या पिलास एक लहानसा कांदा पुरे. शिजवल्याने हे विष जात नाही. रात्रीच्या कालवणाचा रस्सा भाकरीवर ओतून पिलाला देण्याची चाल येथे घरोघर आहे, ती या पिलापुरती तरी बंद ठेवावी. भाकरी, साधा भात, उकडलेले अंडे, वरणाचे पाणी हे चालते. विक्रेत्याकडे जे खाणे होते त्यात हे आठ दिवसांत थोडे थोडे मिसळत जावे.

मळ्यातील आणखी दोन जागा पिलाला जीवघेण्या आहेत. एक म्हणजे शेततळे. प्लास्टिकच्या कापडावरून पिलू घसरते आणि पोहता येत असूनही काठ चढू शकत नाही. तळ्याभोवती जाळी नसेल तर निदान दोन ठिकाणी गाठी मारलेला जाड दोर किंवा जुनी जाळी आत सोडून ठेवावी. माणसाच्याही ती उपयोगी पडेल. दुसरी जागा फवारणीच्या औषधांची खोली. तेथेच बहुधा उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडची आमिषे ठेवलेली असतात.

रेबीजची लस तीन महिन्यांचे वय झाल्याशिवाय दिली जात नाही. त्यामुळे आणलेल्या पिलाने खेळताना कोणास ओरखडले वा दात लावला, तर पिलू आहे म्हणून दुर्लक्ष करू नये. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावी. ग्रामसेवकाने पिलाच्या लशीची तारीख आपल्या वहीत टिपून ठेवली तर पुढे आठवण देता येते.

राहता राहिला बिबट्या. नांदूर मध्यमेश्वरच्या परिसरात व नदीकाठच्या उसात त्याचा वावर आहे आणि कुत्रे हे त्याचे आवडते भक्ष्य. साखळीने खांबास बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही. म्हणून अंधार पडण्यापूर्वी पिलाला आत घ्यावे. पुढे मोठे झाल्यावर त्याच्यासाठी लोखंडी कोनपट्ट्यांचे व जाड जाळीचे, वरूनही बंद असे घर करावे. रात्री कुत्रा त्यात राहूनच भुंकेल, आणि राखणीस तेवढे भुंकणे पुरेसे असते.

विमानाचा पिंजरा मात्र भंगारात टाकू नये. दार काढून तो पडवीत ठेवल्यास पिलू दुपारी आपणहून त्यात जाऊन निजते. लशीच्या पुढील मात्रेसाठी तालुक्याच्या दवाखान्यात जावयाचे असेल त्या दिवशी दार पुन्हा बसवावे आणि पिंजरा मोटारसायकलीच्या मागे नव्हे, रिक्षात वा मोटारीत ठेवून न्यावा.